डेडस्टॉकांतील पुस्तकें

मुलांनीं वाचावें याविषयीं मतभेद नाहीं. डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा महाराष्ट्रांतील शाळांत २०१५ सालापासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. त्यामागील हेतूबद्दल आम्हांस आदरच आहे. प्रश्न उरतो तो १६ ऑक्टोबरचा.

कांहीं वर्षांपूर्वीं या दिवसाच्या निमित्तानें एका तालुक्याच्या गांवीं पाहुणे म्हणून जाण्याचा योग आम्हांस आला. हारतुरे झाले, भाषणें झालीं. कोपऱ्यांतील लोखंडी कपाट त्या दिवसापुरतें उघडलें होतें. पुस्तकांची निवड चांगली होती, पण कित्येकांचीं पानें न उलगडल्यामुळें एकमेकांस चिकटलेलीं. भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे' मालिकेंतील एक पुस्तक उचलून सातवींतील एका मुलीनें, "सर, हें घरीं नेऊं?" असें विचारलें. गुरुजींनीं आमच्याकडे पाहिलें, तिच्याकडे पाहिलें, आणि "उद्यां बघूं" म्हणून वेळ मारून नेली. पुढें चहाच्या वेळीं ते मोकळेपणानें म्हणाले, "हरवलें तर चार्ज देतांना माझ्याकडून भरून घेतील, साहेब. कुलूप असलें म्हणजे मला झोप येते."

या गृहस्थांस अरसिक म्हणणें अन्यायाचें होईल. त्यांच्या दप्तरांत पुस्तकें ज्या वहींत चढवितात, तिच्यांतच टेबल, घंटा आणि खुर्च्या नोंदलेल्या असतात, व तिचें नांव 'डेडस्टॉक' असें आहे. ज्यानें हा शब्द योजिला त्याच्या मनांत विनोद नसावा! खडू झिजला तर त्याचा जाब कोणी विचारीत नाहीं, कारण झिजणें हेंच खडूचें काम होय. पुस्तक मात्र वाचून फाटलें तर तें नुकसान ठरतें, आणि दहा वर्षें कोरें राहिलें तर हिशेब चोख! पुस्तकें वापरासाठीं असतात, हा नियम रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं आपल्या पंचसूत्रींत सर्वांआधीं घातला. ग्रंथपालांच्या परीक्षेंत तो विचारतात. शाळेच्या वहींत त्यास अद्याप जागा मिळालेली नाहीं.

बरें, पुस्तक एकदांचें हातीं पडलें तरी मूल मोकळें सुटत नाहीं. सारांश लिहा, बोध सांगा, आवडलेलें पात्र कोणतें व कां! 'श्यामची आई' हा ग्रंथ साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिला. त्याचीं प्रकरणें म्हणजे एकेक 'रात्र'. श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. उद्यांच्या रात्रीची ओढ हें त्या रचनेचें मर्म आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकीं कोणीं सकाळीं स्वाध्याय सोडविल्याचें आम्हांस त्यांत आढळलें नाहीं. क्रमिक पुस्तकांत त्यांतली एकच रात्र उचलून खालीं प्रश्न जोडले, कीं ती ओढ जाते व धडा तेवढा उरतो. याच गुरुजींनीं अमळनेरच्या वसतिगृहांतील मुलांसाठीं स्वहस्तें दैनिक लिहून काढिलें, हें स्मरणांत ठेवण्यासारखें आहे. त्या दैनिकावर गुण नव्हते.

दोष सगळा मोबाईलचा, असें म्हणून हल्लीं हा विषय संपविला जातो. मोबाईल घरोघरीं येण्यापूर्वींहि कपाटें बंदच होतीं. याहून वजनदार आक्षेप असा, कीं मुलांस मुळीं वाचतांच येत नाहीं. 'असर'च्या २०२२ सालच्या पाहणींत ग्रामीण भारतांतील पांचवीच्या मुलांपैकीं दुसरीचा उतारा वाचूं शकणारीं ४२.८ टक्केच निघालीं. आंकडा लाजिरवाणा खरा. पण पोहतां येत नाहीं म्हणून विहिरीवर झांकण घालणाऱ्यांचा हा युक्तिवाद झाला.

आमची सूचना रुक्ष आहे. दरसाल शंभरांतील दहा पुस्तकें फाटलीं वा हरवलीं तर चौकशीवांचून खर्चीं टाकण्याची मुभा मुख्याध्यापकांस लेखी मिळावी, आणि कपाटाची किल्ली वर्गांतील मुलांकडे आळीपाळीनें असावी. लेखापरीक्षक कुरकुरतील, त्यांना कुरकुरूं द्यावें.

हें त्याच दिवशीं, त्याच व्यासपीठावरून, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या समक्ष बोलावयास हवें होतें. आम्हीं तेथें वाचनाचे फायदे सांगितले.