रक्तातील प्रथिने आणि मधुमेहाचे नियंत्रण : सहसंबंधाच्या अर्थनिर्णयनाची चिकित्सा

प्रस्तावना :

मधुमेही रुग्णांच्या रक्तातील प्रथिनांचे, विशेषतः अल्ब्युमिनचे प्रमाण आणि रक्तशर्करेचे नियंत्रण यांचा परस्परसंबंध अनेक अभ्यासांचा विषय झालेला आहे. शर्करायुक्त हिमोग्लोबिन, म्हणजेच एचबीए१सी, वाढलेले असता अल्ब्युमिन घटलेले दिसते, असे निरीक्षण त्यांत वारंवार नोंदविले जाते. निरीक्षण खरे मानले तरी त्याचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न उरतो. प्रथिने कमी असल्यामुळे शर्करा वाढते, सबब आहारातील प्रथिने वाढवावीत, असा अर्थ काढल्यास तो तर्कदृष्ट्या सदोष तर असतोच, शिवाय रुग्णास अपायकारकही ठरू शकतो.

विवेचन :

अल्ब्युमिनची निर्मिती यकृतात होते व इन्सुलिन त्या निर्मितीस चालना देते. त्यामुळे इन्सुलिनच्या अभावी शर्करा वाढणे आणि अल्ब्युमिन घटणे हे एकाच कारणाचे दोन परिणाम असू शकतात. दुसरे असे की, दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहात मूत्रपिंडाची गाळणी बिघडून अल्ब्युमिन मूत्रावाटे निघून जाते. येथे कार्यकारणभावाची दिशा नेमकी उलट आहे. तिसरे कारण शरीरांतर्गत दाहाचे होय. दाहात अल्ब्युमिन घटते, तर ग्लोब्युलिन वाढते. परिणामी एकूण प्रथिनांचा आकडा सामान्य राहूनही आतील घडण बदललेली असते. म्हणून केवळ एकूण प्रथिने मोजून काढलेला निष्कर्ष अपुरा ठरतो.

मापनाची अडचणही दुर्लक्षिण्याजोगी नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतील डीसीसीटी आणि १९९८ मध्ये ब्रिटनमधील यूकेपीडीएस या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर एचबीए१सी हा नियंत्रणाचा सर्वमान्य निकष ठरला. तथापि तो तांबड्या पेशींच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुर्मानावर अवलंबून आहे. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो खरा असावा त्याहून अधिक, तर पेशी लवकर नष्ट होत असल्यास कमी येतो. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या सिकलसेल आढळणाऱ्या जिल्ह्यांत ही बाब विशेष महत्त्वाची आहे. अशा वेळी फ्रुक्टोसामीन चाचणीचा पर्याय सुचविला जातो. ही चाचणी मागील दोन-तीन आठवड्यांचे चित्र दाखविते. परंतु ती रक्तद्रवातील शर्करायुक्त प्रथिनेच मोजते. अल्ब्युमिन बरेच घटले असेल तर तिचे उत्तर फसवे कमी येते. म्हणजे ज्या घटकाचा संबंध तपासावयाचा, तोच घटक मोजपट्टीत मिसळलेला असतो.

या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. अल्ब्युमिन कमी दिसले म्हणून प्रथिनांची भुकटी सुरू केली आणि मूळ दोष मूत्रपिंडाचा निघाला, तर उपचार चुकीच्या दिशेने जातो. डायलिसिसवर नसलेल्या, मूत्रपिंडविकार जडलेल्या मधुमेही प्रौढांसाठी दररोज प्रतिकिलो वजनामागे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. रक्तातील अल्ब्युमिन हे आहारातील प्रथिनांचे सरळ प्रतिबिंब नसते, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे.

निष्कर्ष :

रक्तातील प्रथिने व शर्करानियंत्रण यांचा संबंध अभ्यासण्याजोगा आहे, यात शंका नाही. मात्र अशा अभ्यासात मूत्रातील अल्ब्युमिन, मूत्रपिंड व यकृत यांचे कार्य, हिमोग्लोबिन आणि दाहाचे निदर्शक यांची नोंद असणे अगत्याचे आहे. एकाच वेळी घेतलेल्या रक्तनमुन्यांतून अगोदर काय घडले, हे कळत नाही. त्यासाठी त्याच रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा करावा लागतो. तो नसेल, तर आहारविषयक शिफारस करण्याचे टाळणेच उचित होय.