बीलचे बीजक : एका साक्षीची परीक्षा

पुरून ठेवलेल्या धनाच्या खुणा ज्यात नोंदविलेल्या असतात अशा लेखाला आपल्याकडे बीजक म्हणतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, लिंचबर्ग येथे १८८५ साली प्रसिद्ध झालेली ‘द बील पेपर्स’ ही लहानशी पुस्तिका म्हणजे असेच एक बीजक होय. पन्नास सेंट किमतीच्या ह्या पुस्तिकेपायी बेडफर्ड परगण्यातील टेकड्या शंभराहून अधिक वर्षे खणल्या गेल्या. कित्येकांचे आयुष्य आणि पैसा त्यात खर्ची पडला. धन खरे की कल्पित, ह्या वादात दोन्ही पक्षांचे लक्ष बहुधा जमिनीकडे लागलेले असते. वास्तविक हा प्रश्न प्रथम कागदाला विचारावयास हवा.

पुस्तिकेतील हकीकत थोडक्यात अशी. टॉमस जे. बील नावाचा एक गृहस्थ १८२० साली लिंचबर्गच्या वॉशिंग्टन हॉटेलात उतरला. दोन वर्षांनी तो पुन्हा आला आणि हॉटेलचा चालक रॉबर्ट मॉरिस ह्याच्या स्वाधीन एक कुलूपबंद लोखंडी पेटी करून निघून गेला. ९ मे १८२२ रोजी सेंट लुईसहून लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले, की दहा वर्षे वाट पाहून पेटी उघडावी. आतील कूटलेखांची किल्ली एका मित्राकडे मोहोरबंद ठेवली असून ती जून १८३२ मध्ये पाठविली जाईल. बील परतला नाही, किल्लीही आली नाही. मॉरिसने १८४५ साली पेटी उघडली. तीत तीन कूटलेख आणि काही पत्रे निघाली. सांता फेच्या उत्तरेस तीस सोबत्यांसह सापडलेल्या सोन्यारुप्याची कथा त्या पत्रांत होती. १८६२ साली मॉरिसने हे सर्व एका मित्रास सोपविले. त्या मित्राचे नाव पुस्तिकेत कोठेच नाही; प्रसिद्धीस पुढे आला तो जे. बी. वॉर्ड हा त्याचा मुखत्यार.

बखरीतील कथनापेक्षा समकालीन पत्रांना अधिक मोल द्यावे, हा दंडक राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत आग्रहाने मांडला. बीलची बाजू घेणारे नकळत त्याच दंडकाचा आधार घेतात: १८२२ची पत्रे उपलब्ध आहेत, मग शंका कशाला? परंतु ही पत्रे स्वतंत्रपणे उपलब्ध नाहीत. ती १८८५च्या कथनाच्या पोटात छापलेली आहेत. मूळ पेटी, मूळ कागद, बीलचे हस्ताक्षर ह्यांपैकी काहीही अभ्यासकांच्या हाती आलेले नाही. बखरकाराने आपल्या कथेत पत्र घातले म्हणून त्या पत्राला अस्सल कागदाचा मान मिळत नाही. बील, मॉरिस आणि अनामिक लेखक असे तीन साक्षीदार येथे दिसतात खरे. परंतु तिघेही एकाच मुखाने बोलतात.

ह्या कथेचा खरा आधारस्तंभ म्हणजे दुसरा कूटलेख. १७७६च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील शब्दांना अनुक्रमांक द्यावे आणि कूटलेखातील प्रत्येक आकड्याऐवजी त्या शब्दाचे आद्याक्षर घ्यावे, म्हणजे हा लेख वाचता येतो. ब्यूफर्डपासून सुमारे चार मैलांवर, जमिनीखाली सहा फुटांवर धन पुरले आहे. १८१९च्या नोव्हेंबरात १,०१४ पौंड सोने व ३,८१२ पौंड चांदी, १८२१च्या डिसेंबरात १,९०७ पौंड सोने व १,२८८ पौंड चांदी, शिवाय जडजवाहीर, अशी यादी त्यात मिळते. म्हणजे एकूण २,९२१ पौंड सोने आणि ५,१०० पौंड चांदी. आकड्यांचा हा काटेकोरपणा वाचकाला भारून टाकतो. पण लेख उलगडला ह्यावरून सिद्ध काय होते? कोणीतरी जाहीरनामा समोर ठेवून तो रचला, एवढेच. १८२२ साली रचला की १८८५ साली, ह्याचे उत्तर त्यात नाही. शिवाय जे कळल्याने लोभ जागा होतो ते नेमके उलगडते, आणि ज्यावाचून धन हाती लागत नाही तो पहिला लेख बंदच राहतो. ही योजना धन लपविणाऱ्याची कमी आणि पुस्तिका विकणाऱ्याची अधिक शोभते.

बाह्य पुराव्यांचे वजन सारखे नाही. ४ जानेवारी १८२२ ह्या तारखेच्या पत्रात ‘स्टॅम्पीड’ ह्या शब्दाचे रूप येते. इंग्रजी छापील वाङ्मयात हा शब्द त्यानंतर रूढ झाला, म्हणून पत्र बनावट, असा युक्तिवाद फार केला जातो. पण तो तितकासा पक्का नव्हे. शब्द मूळचा स्पॅनिश, आणि स्पॅनिश मुलखात वावरलेल्या शिकाऱ्याच्या तोंडी तो छापखान्याच्या आधी बसणे अशक्य नाही. ह्याउलट मॉरिसने वॉशिंग्टन हॉटेल चालविण्यास घेतले ते १८२३च्या आधी नव्हे, असे समकालीन नोंदींवरून दिसते. १८२० साली तो तेथे यजमान म्हणून बीलचे स्वागत करू शकत नव्हता. ही चूक स्मरणदोषावर ढकलणे कठीण आहे, कारण सारी कथा त्या भेटीवरच उभी आहे. १९८२ साली जो निकेल ह्यांनी बीलच्या पत्रांची आणि अनामिक निवेदकाच्या गद्याची शैली ताडून पाहिली व दोन्ही एकाच हातची ठरवून वॉर्डकडे बोट दाखविले. लेखक एकच, हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. तो वॉर्डच, हे मात्र शैलीवरून ठरविणे धाडसाचे होईल.

निर्णायक पुरावा १९८० साली जेम्स गिलोग्ली ह्यांनी पुढे आणला. पहिल्या लेखाला तोच जाहीरनामा लावला तर अर्थ निघत नाही, पण मध्येच वीस अक्षरांची एक ओळ अशी निघते, की ती रोमन वर्णमालेच्या क्रमाने ‘ए’पासून ‘पी’पर्यंत चालत जाते. दोनच अक्षरे क्रम सोडतात, आणि त्या दोन्ही ठिकाणी लगतच्या अंकाचा शब्द घेतला तर क्रम पुन्हा जुळतो. म्हणजे आकडे लिहिणाऱ्याचे बोट जाहीरनाम्यावर एका शब्दाने घसरले होते. अर्थपूर्ण मजकुरातून योगायोगाने असे घडणे जवळजवळ अशक्य. पहिल्या लेखावर दुहेरी आवरण असावे, असा प्रतिवाद काहींनी केला आहे. तो तर्कदृष्ट्या अशक्य नाही. मात्र हॉटेलचालकाला वाचता यावा म्हणून ठेवलेल्या लेखावर असे आवरण घालण्याचे प्रयोजन कोणी दाखविलेले नाही. कंटाळलेल्या माणसाने वर्णमाला गिरवीत पान भरले, हा अर्थ अधिक सरळ आहे.

तिसऱ्या लेखाकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले आहे. त्यात तीसही सोबत्यांची नावे आणि प्रत्येकाच्या वारसांची नावे व ठिकाणे असल्याचे पुस्तिका सांगते. लेखातील आकडे ६१८. म्हणजे अक्षरेही तितकीच. तिसांत वाटली तर दर माणशी वीस अक्षरे येतात. ‘टॉमस जे. बील’ हे नावच इंग्रजीत बारा अक्षरांचे आहे. उरलेल्या आठांत वारसाचे नाव, गाव आणि परगणा मावणार कसा? पुस्तिकेच्या कर्त्याने धनाची बेरीज चोख केली. ज्यांना ते धन पोहोचवायचे होते त्यांच्यासाठी मात्र त्याने कागदावर जागाच ठेवली नाही.