‘नातीगोती’ आणि शिरूरच्या मुली

जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ने मतिमंद बच्चू आणि त्याच्यामागे झिजणारे आई-वडील मराठी रंगभूमीवर आणले. पालकांची माया दाखवणे सोपे होते. दळवींनी तिच्या जोडीला त्यांचा थकवाही निर्भीडपणे दाखवला, हे नाटकाचे मोठे यश होय. तथापि आज ते वाचताना एक उणीव आम्हांला जाणवते. नाटकाचे दुःख पालकांचे आहे. बच्चूला स्वतःला काय वाटत असेल, हा प्रश्न मागेच राहतो.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही. चाकणहून शिक्रापूरमार्गे आपण ज्या शिरूरला जातो, तेथील शासकीय संस्थेतील ११ मतिमंद मुलींची गर्भाशये फेब्रुवारी १९९४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. त्यांना कोणताही रोग नव्हता. मासिक पाळीत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. गर्भधारणेची भीतीही तेव्हा बोलून दाखवली गेली. परंतु गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, त्याचा पुरावा तेवढा टळतो.

सांभाळणाऱ्यांचा थकवा खोटा नसतो, हे दळवींनी आपल्याला शिकवले आहे. पण सेविका अपुऱ्या, पाणी अपुरे, शिकवणारे कोणी नाही, ही उणीव संस्थेची. शस्त्र मात्र मुलीच्या देहावर चालते. रोग बरा करणारी शस्त्रक्रिया आणि इतरांचे काम हलके करणारी शस्त्रक्रिया यांत हाच फरक आहे. निरपराध माणसाच्या देहावर शासनाचा थेट अधिकार नाही, असे पोप अकरावे पायस यांनी १९३० मध्येच बजावले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही, व्यक्तीच्या संमतीवाचून वंध्यत्व आणणारे उपचार निषिद्ध ठरवले.

ज्याला संमती शब्दांत देता येत नाही, त्याच्या बाजूने कल्पना करणे हे साहित्याचे काम आहे. शिरूरच्या मुलींच्या बाजूने बोलणारे नाटक आम्हांला अजून वाचायला मिळालेले नाही. ते लिहिले जाईपर्यंत पिंपरी-चिंचवडच्या आपल्या धर्मग्रामांनी एवढे तरी करावे: अशा मुलाला रविवारी दोन तास सांभाळावे आणि त्याच्या आईला विसावा द्यावा. तिचा भार हलका करण्याचा मार्ग मुलाच्या देहातून जाता कामा नये.