घ्यावे, घालावे, परतावे

मराठीतील पाकशास्त्राच्या पुस्तकांना वाङ्मय म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्या टीकाकारांनी अजून मनावर घेतलेला नाही. चरित्रे, प्रवासवर्णने, पत्रे, रोजनिशा या साऱ्यांना समीक्षेच्या ओसरीवर जागा मिळाली. पण घराघरांत फडताळावर हळदीचे आणि तेलाचे डाग अंगावर वागवीत उभे असलेले पुस्तक मात्र दाराबाहेरच राहिले. वास्तविक कोणत्याही कादंबरीपेक्षा ते अधिक वेळा उघडले जाते, आणि त्यातल्या शब्दाशब्दावर वाचक जितका विश्वास टाकतो तितका आम्हा कादंबरीकारांच्या वाट्याला स्वप्नातही येत नाही. ‘चिमूटभर’ म्हटले की वाचक चिमूटभरच घेतो!

या पुस्तकांचा एक पोटप्रकार अलीकडे फार बोकाळला आहे. ‘झटपट’, ‘सोपे’, ‘दहा मिनिटांत’, ‘नोकरदार गृहिणींसाठी’ अशी विशेषणे मिरविणारी पुस्तके, पुरवण्यांतील सदरे आणि दिवाळी अंकांचे विभाग यांची आता गणती करणे कठीण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ असे नाव आपल्या ग्रंथाला दिले. त्या नावात विपुलतेचे आश्वासन होते. आजची नावे मिनिटांचे आश्वासन देतात. हजारांवरून दहांवर येण्याचा हा प्रवास मोठा बोलका आहे, आणि तो तपासायला साहित्यशास्त्राची पदवी लागत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, नोकरी बालवाडीतली. परंतु व्याकरण मला थोडेबहुत कळते, आणि या पुस्तकांची खरी गोम व्याकरणातच आहे असे माझे मत झाले आहे.

कोणतीही पाककृती उघडून पाहावी. कांदा बारीक चिरून घ्यावा, डाळ भिजत घालावी, मसाला मंद आचेवर परतावा. सगळी क्रियापदे विध्यर्थी, बहुतेक प्रयोग कर्मणी, आणि कर्ता? कर्ता कोठेच नाही. कांद्याने मात्र वाक्याचे सिंहासन बळकावलेले आहे. इतर विषयांवरील मराठी गद्यात कर्त्याचा एवढा सर्रास लोप मला तरी सरकारी परिपत्रकाखेरीज आढळला नाही. ‘अर्ज सादर करावा’ आणि ‘खोबरे किसून घ्यावे’ ही सख्खी भावंडे आहेत. करणारा कोण हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून दोघेही बोलत नाहीत.

याहून सूक्ष्म जागा आहे ती ‘साहित्य’ या सदराखाली. तेथे क्रियापदे नसतात, धातुसाधित विशेषणे असतात. एक वाटी किसलेले ओले खोबरे, अर्धी वाटी भाजलेल्या दाण्यांचे कूट, सोललेल्या आठ लसूणपाकळ्या, निवडलेली मेथी, भिजवलेली मूगडाळ. ‘दहा मिनिटांत’ हा शब्द जो हिशेब सांगतो तो ‘कृती’ या सदरापासून सुरू होतो. त्याआधीचा सारा काळ या ‘लेले’ आणि ‘लेली’ यांच्या पोटात गडप झालेला असतो. नारळ फोडायचा, विळीवर बसून खवायचा, दाणे भाजून निवल्यावर त्यांची टरफले पाखडून काढायची, मेथीची जुडी सोडून पान न् पान पाहायचे: हे सारे एका प्रत्ययात आटोपले! दडपे पोह्यांची गोष्ट घ्या. पातळ पोहे, खवलेला नारळ, चिरलेला कांदा, वर फोडणी आणि मग ते दडपून ठेवणे. चूल तर फोडणीपुरतीच पेटवायची. म्हणून झटपट पदार्थांच्या यादीत त्यांचा नंबर पहिला. ज्याने नारळ खवला नाही त्यानेच ही यादी केली असली पाहिजे.

मेतकुटाचे उदाहरण तर माझ्या मुद्द्याचा कळसच आहे. दमून आल्यावर किंवा ताप उतरल्यावर मऊ भात, त्यावर साजूक तूप, मेतकूट आणि बाजूला लिंबाच्या लोणच्याची फोड, यासारखे जिवाला स्वस्थ करणारे अन्न मराठी घरात दुसरे नाही. तांदूळ धुऊन कुकरात टाकले की पंधरा-वीस मिनिटांत काम होते, हे खरे आहे. पण मेतकूट म्हणजे काय? हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, गहू निरनिराळे भाजायचे. मोहरी, मेथ्या, सुंठ, हिंग, हळद घालून दळून आणायचे. वस्त्रगाळ करून बरणीत भरायचे. थालीपिठाच्या भाजणीचेही तेच. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धने, जिरे, प्रत्येकाची भाजणी वेगळी, कारण प्रत्येकाचे करपणे वेगळे. म्हणजे ज्याला आपण झटपट म्हणतो तो बहुतेक वेळा कोणीतरी आधी खर्चून ठेवलेला वेळ असतो. उन्हाळ्यात गच्चीवर सुकलेला, बरणीत साठवलेला वेळ. पाककृती त्या बरणीचे झाकण उघडते आणि बरणी भरली कोणी ते विचारीत नाही.

येथे कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’चा विचार केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्या जेवू घातल्या. लेखिकेचे शालेय शिक्षण चौथीच्या आसपासचे. कदाचित म्हणूनच तिला एक गोष्ट सुचली जी पंडितांना सुचली नसती: वजनकाटा बाजूला ठेवून तिने वाटी आणि चमचा हे माप धरले. हा मला वाङ्मयीन निर्णय वाटतो. वाटी प्रत्येक घरी असते आणि प्रत्येक घरची वाटी वेगळी असते; तरी प्रमाण चुकत नाही, कारण सगळेच त्याच वाटीने मोजायचे. बिऱ्हाड नव्याने थाटणाऱ्या, सासू जवळ नसलेल्या मुलीला या एका युक्तीने जो धीर दिला तो दहा बोधपर कादंबऱ्यांनी दिला नसेल. पण वाटीने जिन्नस मोजता येतो, वेळ मोजता येत नाही. वाटीभर पाणी आणि वाटीभर खवलेला नारळ यांच्यातला फरक वाटीला कळत नाही. ‘रुचिरा’ला याचा दोष देणे मात्र अन्याय होईल, तिने झटपटीचा डांगोरा पिटलेला नाही. डांगोरा पिटणारी मंडळी नंतरची. त्यांनी तिची वाटी घेतली आणि वर घड्याळ ठेवले.

घड्याळाचा विषय निघाला म्हणून आमच्या गावाकडे वळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, आणि ठाण्यापलीकडच्या गावांचे जेवण त्या दिवसापासून वेळापत्रकाला बांधले गेले असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण फार मोठी होणार नाही. डोंबिवलीहून मुंबईचे टर्मिनस सुमारे ४८ किलोमीटर, कल्याणहून त्याहून अधिक. सकाळी तास-सव्वातास, संध्याकाळी तितकाच. या प्रवासात बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, मेथी निवडली जाते. झटपट पाककृतींच्या लेखकांना माझी विनंती आहे की त्यांनी एकदा संध्याकाळच्या गाडीने घाटकोपर ते डोंबिवली असा प्रवास बायकांच्या डब्यातून, म्हणजे अर्थात लेखिकांनी, करावा. ‘निवडलेली मेथी’ हे विशेषण कोठे तयार होते ते त्यांना दिसेल. मांडीवर पसरलेली पिशवी, खांद्याला रेटणारी गर्दी, आणि एकीची जुडी संपली की दुसरीच्या जुडीला लागलेले हात. कर्ता तेथे शेकड्यांनी बसलेला आणि उभा असतो.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी स्टेशनाबाहेर चिरलेल्या भाजीच्या पिशव्या आहेत, आणि जरा पुढे पोळीभाजी केंद्र आहे. या केंद्रांवर बरीच विनोदी लेखणी खर्ची पडली आहे. आळशी सून हा त्या विनोदाचा ठरलेला विषय. मला त्यात विनोद दिसत नाही. पोळीभाजी केंद्र ही झटपट पाककृतीपेक्षा प्रामाणिक संस्था आहे, कारण तेथे पोळीला नगावर भाव असतो आणि लाटणारे हात काउंटरच्या मागे डोळ्यांनी दिसतात. दुसऱ्याच्या श्रमाला भाव लावण्याची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्याआधी १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्याचेच पुढे लिज्जत झाले. तोवर पापड हेही ‘वाळवलेले’ या विशेषणातच जमा होते. फक्त एक प्रश्न मला केंद्राच्या काउंटरपाशी नेहमी पडतो. दिवसभर परक्यांच्या पोळ्या लाटून जी घरी जाते, तिच्या घरी त्या रात्री काय शिजते? तिच्यासाठी ‘दहा मिनिटांत’ असे पुस्तक अजून कोणी लिहिलेले नाही.

यंत्रांनी काही केले नाही असे नव्हे. १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर आपल्या देशात तयार होऊ लागला, आणि मुगाच्या डाळीची खिचडी खऱ्या अर्थाने झटपट झाली. तयार पिठांची पाकिटे साठीच्या दशकात आली, दोन मिनिटांच्या शेवया १९८३ साली आल्या. त्यांच्याविषयी मला फार म्हणायचे नाही. कारखान्यात खर्चलेला वेळ पाकिटाच्या किमतीत मोजून घेतलेला असतो, एवढे तरी तेथे स्पष्ट आहे.

आणखी एक उणीव सांगितली पाहिजे. ‘झटपट’ पुस्तकांतील जिवाला बरे वाटणारे अन्न म्हणजे जवळजवळ नेहमी एकाच आळीचे अन्न. पिठले, थालीपीठ, मेतकूट, उपमा. डोंबिवली-कल्याणच्या मूळच्या आगरी गावांत, भोपर-आयऱ्याकडे, किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, दमून आलेल्या माणसाला तांदळाच्या भाकरीबरोबर सुका जवळा लागतो. जवळा तव्यावर कोरडा भाजायचा, कांदा, मिरची, हळद आणि थोडी चिंच किंवा कोकम. भाकरी थापली जाईस्तोवर कालवण तयार. घड्याळ लावून पाहिले तर दडपे पोहे मागे पडतील. पण या पुस्तकांत जवळा आलाच तर शेवटी, ‘सामिष’ या बंद खोलीत, आणि झटपटीच्या यादीत तर क्वचितच. त्या जवळ्यालाही वाळूवर पसरून, उलटून, कावळ्यांपासून राखणारी कोणी होतीच. म्हणजे ती बाई दोनदा वगळली गेली; एकदा व्याकरणाने आणि एकदा अनुक्रमणिकेने.

आता कोणी म्हणेल की पाकपुस्तकांकडून एवढी अपेक्षा का करावी. हे काम ललित वाङ्मयाचे. मान्य. पण ललित वाङ्मयाने तरी काय केले आहे? पु. ल. देशपांड्यांचे ‘माझे खाद्यजीवन’ मी कितीदा वाचले असेल याची मोजदाद नाही. त्यातला आनंद अस्सल आहे, पण तो खाणाराचा आनंद आहे. दुर्गाबाई भागवतांनी ‘खमंग’ लिहिले तेव्हा एवढ्या मोठ्या विदुषीला स्वयंपाकघर आपल्या अभ्यासाचा विषय वाटला, याचे मला आजही अप्रूप आहे. कादंबरीत मात्र नायिका ‘चटकन पिठले टाकते’, आणि पुढच्याच वाक्यात पाने वाढलेली असतात. माझ्या एका कादंबरीत रात्री आठला घरी आलेली बाई भाताला फोडणी देईपर्यंतची चाळीस मिनिटे मी दोन पानांत लिहिली होती. हस्तलिखित वाचणाऱ्या संपादकांनी समासात ‘पाल्हाळ’ असा शेरा मारला आणि ती पाने काढायला सुचविले. त्याच हस्तलिखितात नायकाने समुद्राकडे पाहत घालविलेली तीन पाने होती. त्यांना शेरा नव्हता.

यात नुसती रुची-अरुची नाही. ‘दहा मिनिटांत’ असे छापलेले पुस्तक समोर ठेवून जिला पाऊण तास लागतो, ती पुस्तकाला खोटे म्हणत नाही. ती स्वतःला संथ म्हणते. घरचेही तसेच म्हणतात, आणि छापील पुरावा त्यांच्या हाती असतो. माझ्या बालवाडीत मुलांना न्यायला येणाऱ्या आयांच्या तोंडून ‘मला मेलीला उरकतच नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते मला आता पाकपुस्तकातले उपसंहाराचे वाक्यच वाटू लागले आहे. जे अन्न जिवाला स्वस्थता देण्यासाठी, त्यानेच करणारीला अस्वस्थ करावे ही मोठी उफराटी गोष्ट आहे.

यातली सर्वांत सच्ची पाककृती मला फोडणीच्या भाताची वाटते, किंवा शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याची. तेथे ‘शिळी’ हा शब्दच हिशेब उघडा करतो: काल कोणीतरी रांधले आहे, आज फक्त फोडणी. बाकीच्या पदार्थांना असे उघड बोलायला शिकवता येईल काय, याचा मी एक प्रयत्न करून पाहिला. पाकशास्त्राच्या लेखकांनी तो नमुना म्हणून घ्यावा, अथवा हसून सोडून द्यावा.

मेतकूट-भात, माणसे चार. मेतकूट: सासूबाईंनी वैशाखात भाजले, दोन दुपारी, दळून आणले थोरल्या मुलाने, गिरणीत रांग होती. तूप: आठवडाभराची साय मी जमवली, रविवारी कढवले. लोणचे: शेजारच्या काकूंनी दिले, त्यांची बरणी परत करायची राहिली आहे. तांदूळ: यजमानांनी आणले, निवडले सासूबाईंनी. भात: मी लावला, सव्वाआठ वाजता, शिट्ट्या तीन. भांडी: अजून ठरले नाही.