वर्तुळ, बारी आणि डफ : मुंबई उपनगरांतील सामूहिक चर्मवाद्यवादनाची एक चिकित्सा

मुंबईच्या पश्चिम उपनगरांत, विशेषतः अंधेरी-वर्सोवा परिसरात, 'ड्रम सर्कल' हा सामूहिक वादनाचा प्रकार गेल्या काही वर्षांत चांगलाच परिचयाचा झाला आहे. माणसे गोलाकार बसतात. प्रत्येकाच्या गुडघ्यांमध्ये जेंबे असतो. मध्यभागी उभा असलेला सूत्रधार हातवाऱ्यांनी लय चढवतो, उतरवतो, अर्ध्या वर्तुळाला थांबवून उरलेल्यांना वाजवत ठेवतो. आधी काही येत असण्याची अट नसते, किंबहुना काही येत नसणे हीच येथील पात्रता मानली जाते. खासगी कंपन्यांच्या प्रशिक्षण शिबिरांपासून शाळांच्या उपक्रमांपर्यंत या वर्तुळाचा संचार आहे. याच महानगरात, लोहमार्गाच्या पलीकडे, भांडुप-विक्रोळीच्या कोकणी वस्त्यांत डबलबारी भजन आणि शक्ती-तुऱ्याची बारी रंगते, तर घाटकोपर-मुलुंडच्या कामगार वस्त्यांना शाहिरी डफाचा वारसा आहे. या दोन विश्वांची चर्चा सहसा एकाच पानावर होत नाही. पहिल्याविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्या लिहितात, दुसऱ्याविषयी लोकसाहित्याचे अभ्यासक. प्रस्तुत लेखात ती जाणीवपूर्वक शेजारी ठेवली आहेत. वाद्य देशी की विदेशी, हा वाद येथे अभिप्रेत नाही. ज्या भजनात परदेशातून आलेली हार्मोनियम बुवांच्या मांडीशी घट्ट बसली आहे, त्या भजनाच्या नावाने जेंबेला परका ठरवणे हास्यास्पद होईल. प्रश्न एवढाच आहे की, वाद्य कोण कोणासाठी वाजवतो आणि त्या वाजवण्याचे उत्तर कोणाला द्यावे लागते?

वर्तुळाची वंशावळ

आज ज्याला ड्रम सर्कल म्हटले जाते त्याचा जन्म आफ्रिकेत झालेला नाही, तो अमेरिकेत झाला आहे. जेंबे मात्र पश्चिम आफ्रिकेतील गिनी, माली या प्रदेशांतल्या मांदे भाषक समाजांचा. त्या समाजात जेंबेच्या तालांना नावे असतात आणि ती प्रसंगांशी बांधलेली असतात. 'कासा' शेतीच्या कामाचा, 'सोली' मुलांच्या दीक्षाविधीचा. सोबत दुंदुन हे काठीने वाजवायचे ढोल असतात आणि तालाचा पाया तेच धरून ठेवतात. फोदेबा केइता यांच्या 'ले बाले आफ्रिकें' या नृत्यपथकाने हे वाद्य विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेच्या रंगमंचावर नेले. 1958 मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर हेच पथक राष्ट्रीय पथक झाले. अमेरिकेत नायजेरियन वादक बाबातुंदे ओलातुंजी यांच्या 'ड्रम्स ऑफ पॅशन' या ध्वनिमुद्रिकेने 1960 पासून हस्तवादनाची मोठी लाट आणली. पुढे आर्थर हल यांनी कोणालाही सामील होता येईल अशा वर्तुळाची पद्धत बसवली. 1991 मध्ये मिकी हार्ट यांनी अमेरिकी सिनेटच्या वृद्धत्वविषयक समितीपुढे या वर्तुळाच्या आरोग्यविषयक उपयोगाची बाजू मांडली. त्याच वर्षी त्यांचा व उस्ताद झाकीर हुसेन यांचा 'प्लॅनेट ड्रम' हा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे माहीमच्या तबल्याचे आणि या चळवळीचे नाते वर्तुळ अंधेरीला पोहोचण्याच्या कितीतरी आधीचे आहे.

या प्रवासात काय गळाले, हे पाहणे आवश्यक आहे. तालांची नावे गळाली, प्रसंग गळाले, बहुतेक ठिकाणी दुंदुनही गळाला. उरला तो हात आणि त्याचे तीन आघात : मध्यावरचा खोल, कडेजवळचा मोकळा आणि कडेवरचा तडतडीत. डॉ. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या होत्या. ड्रम सर्कल स्वतःला आदिम म्हणवते, त्याचे बाह्यरूप लोकसंगीताचे आहे आणि व्यवहार जनसंगीताचा आहे. कोटींची सरमिसळ हा दोष नव्हे. पण आदिमतेचा दावा प्रवेशशुल्कासह केला जातो तेव्हा समीक्षकाने थोडे थांबून पाहावे.

मध्यभागी कोण?

रत्नागिरी-रायगडच्या कुणबी समाजाचे जाखडी नृत्य मुंबईत 'बाल्या नाच' या नावाने ओळखले जाते. कानात बाळी घालणाऱ्या, मुंबईत घरकामाला राहिलेल्या कोकणी गड्याला मालकवर्गाने दिलेले 'बाल्या' हे नाव नाचालाही चिकटले. नाव हिणकस आहे, पण नाचाची रचना विलक्षण आहे. शाहीर, मृदंगवादक आणि झांजवाले मध्यभागी असतात. एका पायात चाळ बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. म्हणजे हेही वर्तुळच. परंतु येथे केंद्रस्थानी वाद्य आहे आणि परिघावर पावले आहेत. ड्रम सर्कलमध्ये नेमके उलटे घडते. वाद्ये परिघावर जातात आणि केंद्रात वाद्य नसलेला सूत्रधार उभा राहतो.

हा फरक केवळ भूमितीचा मानता येणार नाही. जाखडीतला मृदंगवादक चुकला तर पावले चुकतात आणि ते साऱ्या मंडपाला दिसते. शक्ती-तुऱ्याच्या बारीत तर समोर प्रतिपक्ष बसलेला असतो. तुरेवाल्यांनी पुराणातला एखादा पेच टाकला की शक्तीवाल्यांना त्याच रात्री, त्याच मंडपात पद्यातून उत्तर द्यावे लागते आणि मृदंगाला त्या उत्तराची चाल धरावी लागते. डबलबारीतही दोन बुवा समोरासमोर असतात. जाहिरातीच्या फलकावर बुवांच्या नावासोबत पखवाजवादकाचेही नाव छापलेले असते, कारण गजराला हात कोणाचा चालतो हे पाहायला येणारा श्रोतृवर्ग वेगळा आहे. बारीतली लय अशी कायम कोणाच्या तरी परीक्षेखाली असते. या परीक्षेला कधीकधी भांडणाचे, आणि खरे सांगायचे तर शिवराळपणाचेही रूप येते. तिच्याविषयी हळवे होण्याचे कारण नाही.

ड्रम सर्कलमध्ये परीक्षा नाही. तेथे कोणी चुकूच शकत नाही, असे आश्वासन सुरुवातीलाच दिलेले असते. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या, घरी-दारी सतत मोजल्या जाणाऱ्या माणसाला या आश्वासनाची किती गरज असते, हे उपनगरी लोकलने रोज प्रवास करणाऱ्यास वेगळे सांगावयास नको. तेथे बायका आणि पुरुष एकाच रांगेत, एकाच वाद्यावर हात टाकतात, ही गोष्ट तर निःसंशय महत्त्वाची आहे. उपनगरांत महिलांची भजनी मंडळे पुष्कळ आहेत, तरी डबलबारीच्या पखवाजावर स्त्रीचा हात अजून विरळाच दिसतो आणि जाखडीचा मृदंग बहुधा पुरुषाच्याच गळ्यात असतो. शिवाय बारीचे दार गावाच्या आणि जातीच्या नावाने उघडते. अमुक वाडीचे मंडळ, तमुक गावचे मंडळ अशी ही रचना आहे. परगावच्याला तेथे श्रोता होता येते, वादक होणे सोपे नाही. या बाबतीत वर्तुळाने बारीला लाजवावे अशी स्थिती आहे.

मग वर्तुळाचा हिशेब कोठे चुकतो? तो भाषेत चुकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पखवाजाच्या उजव्या मुखावर शाई असते, डाव्या मुखाला वाजवण्यापूर्वी कणीक लावतात. सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह 1920 मध्ये दाखवून दिले की शाईच्या भारामुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुसंवादी होतात. वाद्य स्वरात लागते ते त्यामुळे. परंतु ते 'बोलते' ते केवळ शाईमुळे नव्हे. डफाला शाई नाही, हलगीला नाही, तरी त्यांना बोल आहेत. बोल म्हणजे आघाताला दिलेले नाव. नाव मिळाले की आघात लक्षात ठेवता येतो, दुसऱ्याला सांगता येतो, चुकला तर चुकला असे म्हणता येते. जेंबेलाही हे अशक्य नाही. तौफिक कुरेशी यांनी तबल्याची बोलांची भाषा जेंबेवर आणून त्यावर कायदे-रेल्यांसारख्या रचना वाजवून दाखवल्या आहेत. त्यांच्या हातात जेंबे परका राहत नाही, कारण त्याला शिकण्या-शिकवण्याची शिस्त मिळाली आहे. वर्तुळ मात्र याच शिस्तीला अडसर समजते. 'आधी काही यायला नको' ही त्याची उदारता 'नंतरही काही यायला नको' इथवर जाऊन पोहोचते.

कातडे

समतेच्या दाव्याची खरी कसोटी याहून खोल आहे. चर्मवाद्य म्हणजे कातडे, आणि आपल्या समाजात कातड्याला जात चिकटवली गेली आहे. मेलेले जनावर ओढायचे कोणी, कातडे कमवायचे कोणी, सणाला आणि मयताला हलगी-डफडे वाजवायचे कोणी, हे गावगाड्याने ठरवून दिलेले होते. मांगाने हलगी वाजवायची आणि महाराने डफडे वाजवायचे ही गावाची आज्ञा होती. त्यात कलाकाराच्या इच्छेला स्थान नव्हते. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने मृत जनावरे ओढण्याबरोबरच गावकीचे वाजवणे नाकारले. 1956 च्या धर्मांतरानंतर हा नकार अधिक ठाम झाला. 1958 च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. संगीताच्या इतिहासात वाद्य खाली ठेवण्याची कृती क्वचितच नोंदवली जाते. महाराष्ट्रातील आधुनिक तालवादनाच्या इतिहासात मात्र ही कृती सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक आहे, असे म्हणावे लागेल.

वाद्य खाली ठेवणाऱ्यांनीच ते वेगळ्या हाताने पुन्हा उचललेही. आंबेडकरी जलशांनी ते केले. घाटकोपरच्या चिरागनगरात दीर्घकाळ राहिलेल्या, मांग जातीत जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनीही ते केले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी 'लाल बावटा कलापथक' उभे केले. त्यांनी तमाशातील गणाची जागा बदलली. गणपतीचे वंदन त्यात राहिले नाही. डफ तोच, ढोलकी तीच. बदलला तो बोलावणारा. पूर्वी गाव बोलावी आणि मांग वाजवी. आता शाहीर वाजवू लागला आणि गिरणीच्या चाळी त्याच्या हाकेला येऊ लागल्या. चिरागनगरापासून फार दूर नसलेल्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडच्या वस्तीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (2011) हा माहितीपट त्यांच्या मृत्यूपासून सुरू होतो आणि पुढील चौदा वर्षांतल्या गाण्या-वाजवण्याचा माग घेतो. हा इतिहास ज्या उपनगराच्या पोटात आहे, तेथे 'या, बसा, बडवा, सगळे समान' या निमंत्रणाचा अर्थ सर्वांना एकच लागेल असे गृहीत धरता येत नाही. ज्याच्या आजोबांना सक्तीने वाजवावे लागले आणि वडिलांनी अभिमानाने वाजवणे सोडले, त्याला वाद्य हे ताणमुक्तीचे साधन म्हणून हातात घेताना काय वाटत असेल, हा प्रश्न वर्तुळाच्या परिपत्रकांत कधी येत नाही.

वर्तुळाने कातड्याचा प्रश्न न सोडवता बाजूला ठेवला आहे. अनेक ठिकाणचे जेंबे आता फायबरचे असतात आणि त्यांची पाने कृत्रिम. पावसाळ्यात ती ढिली पडत नाहीत, शेकावी लागत नाहीत, हा व्यवहार समजण्याजोगा आहे. ढोल-ताशा पथकांनीही प्लॅस्टिकची पाने स्वीकारली आहेतच. परंतु कातड्याबरोबर कातडे मढवणाराही दृष्टीआड होतो. मुळातल्या जेंबेचे खोडही मांदे समाजातील नुमू म्हणजे लोहार कोरीत आणि नुमू हा आपापसांतच सोयरिकी करणारा गट आहे. त्यामुळे 'आफ्रिकेतील जातिविहीन वाद्य' ही अंधेरीत ऐकू येणारी कल्पना आफ्रिकेवरही अन्याय करणारी आहे. दक्षिणेत टी. एम. कृष्णा यांनी 2020 मध्ये 'सेबॅस्टियन अँड सन्स' हा मृदंगम् बनवणाऱ्या, प्रामुख्याने दलित ख्रिस्ती, कारागिरांवरील ग्रंथ लिहिला, तेव्हा प्रकाशन समारंभासाठी आधी दिलेले सभागृह 'कलाक्षेत्र'ने नाकारले. कातड्याविषयी बोलणे आजही किती अवघड आहे, हे यावरून दिसते. मराठीत पखवाज आणि ढोलकी मढवणाऱ्यांवर असा ग्रंथ व्हावयास हवा. तो लिहिण्याचे काम संगीत आणि समाजशास्त्र या दोन्ही विभागांनी एकमेकांवर ढकलू नये.

बारी या बाबतीत निर्दोष आहे असा याचा अर्थ नाही. पखवाज मढवणाऱ्याचे नाव डबलबारीच्या फलकावरही नसते. आणि बारीपुढे आणखी अडचणी आहेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. रात्र चढत जाईल तसा रंगणारा सामना त्यामुळे संध्याकाळी उरकावा लागतो. चाळी पाडून झालेल्या टोलेजंग इमारतींत मंडप घालायला अंगणही उरत नाही. वातानुकूलित खोलीत दीड तासात संपणारे वर्तुळ या शहराला सोयीचे आहे, यात नवल नाही.

या दोन विश्वांत ये-जा करणारी काही तरुण मंडळी आता दिसू लागली आहेत. हात तयार असल्याने वर्तुळाचे सूत्रधारपण त्यांना सहज जमते आणि त्याचा मोबदला भजनाच्या बिदागीपेक्षा बरा असतो. त्यांची अडचण एका तांत्रिक गोष्टीत अचूक दिसते. वर्तुळात ठेका अखंड चालतो, पण आवर्तन नसते. आवर्तन नाही म्हणून सम नाही, आणि सम नाही म्हणून तिहाई घेता येत नाही. तीनदा सांगून नेमके यायचे कोठे, हे सगळ्यांनी आधी मान्य केलेले असावे लागते. तेव्हा हा वादक शनिवारी अंधेरीत चार मात्रांचा सरळ ठेका धरून बसतो, आणि रविवारी भांडुपच्या मंडपात गजर सुरू झाल्यावर डाव्या मुखाची कणीक ओल्या बोटाने दाबून पाहतो, समोरच्या पखवाजवाल्याकडे एकदा नजर टाकतो आणि मग तिहाई घेतो.