मोडीच्या पितळेचा राजा

राजाची प्रतिमा म्हटली की ओळखीचा चेहरा दिसावा, अशी आपली अपेक्षा असते. शिल्पकार करमरकरांनी घडविलेला, १९२८ साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ही अपेक्षा उत्तम रीतीने पुरी करतो. आदिलाबादकडील वोज कारागिरांनी ओतलेला, माझ्या मेजावरचा वीतभर घोडेस्वार मात्र ती अपेक्षाच बाजूला सारतो.

या ओतकामाची रीत प्राचीन आहे. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळून आकार साधावयाचा, वर मातीचा लेप द्यावयाचा. भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याच्या जागी पितळेचा रस शिरतो. साचा फोडल्यावाचून मूर्ती हाती येत नाही. साहजिकच तिची दुसरी प्रत निघत नाही. पितळ बहुधा मोडीचे : फुटका तांब्या, चेपलेली घागर.

घोड्याचे पाय खांबासारखे, स्वार वाजवीपेक्षा मोठा, डोळे म्हणजे दोन उठावदार कडी. शरीररचनेच्या कसोटीस ही मूर्ती मुळीच उतरत नाही. तरीही त्या ताठ कण्यापुढे पाहणारा नकळत सावरून बसतो. हे व्यक्तीचे चित्र नव्हे, राजपदाचे चित्र आहे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले. परंतु राजगोंडांच्या या मुलुखात राजेपणाची आठवण राज्याबरोबर गेली नाही, असे ही मूर्ती पाहून वाटल्यावाचून राहत नाही. आणि हा राजा प्रजेच्याच स्वयंपाकघरातील भांड्यांतून उभा राहिला आहे, यात केवढे औचित्य!

२०१८ साली आदिलाबादच्या या डोकरा कलेस भौगोलिक मानांकन मिळाले. वकील या नात्याने मला त्याचे मोल कळते. पण १९९९ चा तो कायदा नावाचे रक्षण करतो, दृष्टीचे नव्हे. गिऱ्हाईक गुळगुळीत, एकसारख्या डझनभर मूर्ती मागू लागले, तर नाव राहील आणि राजा जाईल.

देवळाच्या घंटेसाठी घरातील जुनी भांडी देणाऱ्या आपल्या समाजाला निराळे काय सांगावे? अग्नीतून गेलेल्या धातूची मागील जात कोणी विचारीत नाही. एवढेच पथ्य पाळावे : कारागिराकडे ‘हुबेहूब असाच दुसरा द्या’ असे कधीही मागू नये.