अब्दाली कोण खेळणार?

खेळ रविवारी सकाळी दहाला सुरू व्हायचा होता. साडेअकरा वाजले तरी अब्दाली व्हायला कोणी तयार नव्हतं. टेबलावर पानिपत मांडून झालं होतं: सहा फूट बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर मळकट पिवळी चादर, पुठ्ठ्याचे दुमडून उभे केलेले सैनिक, खेळण्यांच्या दुकानातले दोन हत्ती. पाच जण आले होते. दोघांना भाऊसाहेब हवे होते, एकाला इब्राहिमखान गारदी, एकीला जनकोजी शिंदे. पाचवा म्हणाला, "मी नुसता बघायला आलोय." शेवटी चिठ्ठ्या टाकल्या.

सैनिक मांडणं आपल्याला नवीन नाही. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो, अळीव पेरतो, बुरुजावर मावळे उभे करतो. पण त्या किल्ल्याला शत्रू नसतो. महाराज सिंहासनावर, मावळे पहाऱ्यावर, आणि चार दिवस कोणीच हरत नाही. मिनिएचर वॉरगेम म्हणजे तेच सैनिक, फक्त समोर दुसरी बाजू असते, हालचाल टेपने मोजतात आणि निकाल फाशांवर लागतो. त्यातल्या नॅरेटिव्ह प्रकारात दोन्ही बाजू तोडीस तोड असाव्यात अशी अटही नसते. यजमान आधी गोष्ट रचतो, कोणाला काय ठाऊक आहे हे ठरवतो, प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देतो, आणि पुढचं खेळणाऱ्यांवर सोडतो. सोडतो, असं मला वाटत होतं.

अठरावं शतक हा या छंदाचा लाडका काळ आहे. रंगीत गणवेश, सरळ रांगा, ढोल, निशाणं. पीटर यंग आणि जे. पी. लॉफर्ड यांचं 'चार्ज!' (१९६७) आणि चार्ल्स ग्रँटचं 'द वॉर गेम' (१९७१) ही या काळाची इंग्रजीतली पायाभूत पुस्तकं. ग्रँटने तर लढाया खेळण्यासाठी स्वतःची देशरचनाच केली होती. तेव्हापासून काल्पनिक डची, काल्पनिक ड्यूक आणि त्यांचे काल्पनिक रुसवेफुगवे हा या खेळाचा एक आख्खा उपप्रकार झाला आहे. मला तो आवडतो. वाचताना हसू येतं, आणि मेलेल्या सैनिकाचं घर कुठल्याच नकाशावर नसतं.

पण या सगळ्यांच्या आधीचा खेळिया एका कादंबरीत आहे. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'चे खंड १७५९ ते १७६७ या काळात येत होते, म्हणजे पानिपत त्याच वर्षांतलं. त्यातला अंकल टोबी नामूरच्या वेढ्यात जांघेत जखमी झालेला. नक्की कुठे लागलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताना त्याचा गोंधळ उडतो. म्हणून तो नकाशे जमवतो, आणि पुढे कॉर्पोरल ट्रिमला घेऊन हिरवळीवर तटबंदी बांधतो. जखम शब्दांत सांगता येत नाही म्हणून छोटी लढाई. ग्रँटच्या डचींपेक्षा हे कारण मला आपल्या जवळचं वाटतं. पानिपतावर आपण अडीचशे वर्षं बोलतोय, आणि प्रत्येक बोलण्यात एक 'जर' असतोच. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर. भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर. जर-तर टेबलावर मांडून संपवावेत, म्हणून मी हा खेळ ठरवला होता.

नियम 'ब्लॅक पावडर'चे घेतले. २००९ सालचं हे पुस्तक या काळासाठी खूप खेळलं जातं. त्याची खुबी अशी की हुकूम आधी मोठ्याने बोलायचा, मग दोन फासे टाकायचे. बेरीज सेनापतीच्या अंकापेक्षा जास्त आली तर फौज जागची हलत नाही. बेरीज जितकी खाली, तितक्या जास्त चाली. त्यामुळे टेबलाभोवती खरंच आवाज चढतो. पण या नियमांची एक समजूत आहे: बिघडलं तर हुकूम पोचला नाही म्हणून बिघडलं. दोन्ही फाशांवर सहा आले तर फौज भलतीकडे जाते, तेवढाच अपवाद. आपल्याकडचा घोळ उलटा सांगितला जातो. गोलाची रचना मोडून विंचूरकर आणि गायकवाड हुकुमाशिवाय पुढे सरसावले आणि गारद्यांच्या तोफांच्या आड आले. म्हणून मी कार्डं लिहिली. कोणाच्या कार्डावर 'घाई', कोणाच्या 'मान'. होळकरांच्या कार्डावर लिहिलं: 'दुपारनंतर रणातून निघून जाण्याची मुभा'.

जिच्या वाट्याला शिंद्यांबरोबर होळकरही आले होते तिने कार्ड दोनदा वाचलं. मग विचारलं, "ही मुभा बाकी कोणाला का नाही?"

माझ्याकडे उत्तर होतं, की इतिहासात तसं झालं. ती म्हणाली, झालं ते त्या दिवशी दुपारी झालं, तू सकाळीच लिहून ठेवलंयस. खरं होतं. मी फाशांवर सोडलेल्या गोष्टी आणि आधीच लिहून टाकलेल्या गोष्टी यांची सरमिसळ केली होती, आणि वादाची जी गोष्ट आपल्याकडे घराघरांत आहे तिचा निकाल पत्त्याएवढ्या कार्डावर चिकटवला होता. बखरकाराने निदान नंतर लिहिलं. पहिला खेळ तीन तासांत संपला. भाऊ हरले, होळकर निघून गेले, सगळे जेवायला बसले. छान झालं म्हणाले. मला तो खेळ खोटा वाटला, आणि कारण फक्त ते कार्ड नव्हतं.

टेबलावर बुणगे नव्हते.

म्हणजे होते, मागच्या कडेला छापील तंबूंची एक पट्टी म्हणून. नियमांत त्यांना जागाच नाही. इंग्रजी पुस्तकांतली छावणी म्हणजे सामानाच्या चार गाड्या, आणि त्या पकडल्या की गुण मिळतात. पानिपतावर लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त होते: यात्रेकरू, बायका, मुलं, व्यापारी, मोतद्दार. दिल्लीकडची वाट तुटल्यानंतर अडीच महिने ते तिथे अडकून होते. त्यांना मधे घेऊन दिल्लीच्या दिशेने सरकायचं, म्हणून तर गोल. ते काढले की उरतं ते गणवेशाचं भांडण, ग्रँटच्या कुठल्याही दोन डचींमधलं.

दुसऱ्या खेळाला मी चाळीस काड्यापेट्या खाकी कागदात गुंडाळून गोलाच्या मधोमध ठेवल्या. घोडदळ एका चालीत अठरा इंच जातं, पायदळ बारा. काड्यापेट्या सहा. टेबलाच्या पलीकडे जायला आठ टर्न, आणि आठव्या टर्नला सूर्यास्त. एवढा एकच नियम वाढवला आणि खेळ ओळखू येईना. मागे वळायला जागा नाही. गारद्यांनी रोहिल्यांना रेटलं तर गोल फाटतो. तिसऱ्या टर्नला भाऊ खेळणाऱ्याने विचारलं, "यांना इथेच सोडून गेलो तर?" मी म्हटलं, नियमात मनाई नाही. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. एकाने उगाच मोबाइल काढला. मग त्याने हुजुरातीच्या दोन तुकड्या पेट्यांपाशी ठेवल्या आणि उरलेल्यांवर मधली फळी धरायचा प्रयत्न केला. ती फुटली, पाचव्या टर्नला.

या वेळी अब्दाली तोच होता, नुसता बघायला आलेला. या खेपेला आपणहून. राखीव फौज त्याने शेवटपर्यंत दाबून ठेवली आणि सहाव्या टर्नला गोलाच्या मधोमध घातली. तुकडी पेट्यांना भिडली. त्याने फासे हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"इथे काय टाकायचं?"

माझ्याकडे नियम नव्हता. पुस्तकातही नव्हता. चकमकीचे फासे टाकावेत, तर समोर लढणारं कोणी नाही. गुण द्यावेत, तर कशाचे? कोणीतरी सुचवलं, एका टर्नला पाच पेट्या उचलू या. उचलायला मात्र कोणी हात पुढे केला नाही. खेळ तिथेच थांबला, आणि चहा गार होईपर्यंत आम्ही भांडत राहिलो, की यजमानाने अशी जागा कोरी ठेवावी का, की कोरी ठेवणं हाच पळपुटेपणा. भाऊ खेळणाऱ्याचं म्हणणं होतं, की मी छावणी टेबलावर आणली ती फक्त त्याला अडकवायला. त्यात तथ्य आहे. माझ्या नियमाने पेट्या ओझं झाल्या, माणसं झाल्या नाहीत. त्यांना भूक नव्हती, पळता येत नव्हतं, त्यांच्यातलं कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

तिसऱ्या खेळासाठी होळकरांचं कार्ड बदललंय. निघून जाण्याची मुभा आता सगळ्यांना आहे, भाऊंनासुद्धा. काड्यापेट्यांपैकी दहांवर 'यात्रेकरू' लिहून झालंय. बाकीच्या तीस अजून तशाच आहेत. अब्दालीसाठी या वेळी दोघांचे मेसेज आलेत.